माइल्ड बिअरमध्ये नक्की काय मजा असते? स्ट्राँगवाल्यांनीही सांगा

सातपूरकर

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोच. आमचा ग्रुप एमआयडीसीतला, सगळे शिफ्टवाले, पगार झाला की एखाद्या शनिवारी बसणं होतं आणि बसलं की टेबलावर स्ट्राँगच येते, वेटर विचारतसुद्धा नाही. मला पहिल्यापासून माइल्ड आवडते. आवडते म्हणजे खरंच आवडते, चव कळते, कडवटपणा छान लागतो, गप्पा मारता येतात, आणि रविवारी सकाळी पोरीला घेऊन ग्राउंडवर जाता येतं. पण ग्रुपमध्ये एकच ऐकायला मिळतं की माइल्ड म्हणजे पैसे देऊन पाणी पिणं, तेवढ्याच पैशात डबल किक मिळत असताना कोण घेईल. आणि खरं सांगायचं तर याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण किमतीत फरक थोडाच असतो हे बरोबरच आहे.

तर प्रश्न असे की १) स्ट्राँग आणि माइल्डमध्ये अल्कोहोलचा नक्की किती फरक पडतो, म्हणजे पेगच्या हिशोबात? २) बनवतानाच काही वेगळं करतात का, की नंतर पाणी घालून माइल्ड होते (असं आमच्यातला एक जण छातीठोकपणे सांगतो)? ३) बाहेरच्या देशात लोक काय पितात, तिकडे पण स्ट्राँगच चालते का? आणि आमच्या एरियातल्या बिअर शॉपीत माइल्ड मागितली तर मागच्या कोपऱ्यातली धूळ बसलेली बाटली काढून देतात, त्यावर काय करायचं तेही सांगा.

हिशोबनीस

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचं जाणकार देतील.

आपल्याकडची मोठी बाटली ६५० मिलीची. माइल्ड म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत आणि स्ट्राँग म्हणजे ५ च्या वर ८ पर्यंत, नियमातच तसं आहे. स्ट्राँगच्या लेबलवर बऱ्याचदा नेमका आकडा नसतो, ८ पर्यंत एवढंच असतं, म्हणून ८ धरूनच चला. मग ६५० चे ८ टक्के म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. माइल्ड ४.८ ची धरली तर ३१ मिली. आता व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग घ्या, आपल्याकडे व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे एका पेगमध्ये १३ मिलीला थोडं कमी. म्हणजे स्ट्राँगची एक बाटली = ४ पेग. माइल्डची एक = अडीचला थोडे कमी.

हे लोकांना पटत नाही पण गणित आहे ते. "मी दारू पीत नाही, फक्त दोन बिअर घेतो" म्हणणारा माणूस स्ट्राँग पीत असेल तर त्याने ८ पेग घेतलेले असतात, तेही तास-दीड तासात, कारण बिअर गरम व्हायच्या आत संपवायची असते. व्हिस्कीचे ८ पेग तोच माणूस एका बैठकीत घेईल का? घाबरेल. बाटलीवर बिअर लिहिलंय म्हणून घाबरत नाही, एवढंच.

कॅलरीचं पण तसंच, अल्कोहोलच्या दर ग्रॅमला ७ कॅलरी, म्हणजे स्ट्राँगच्या एका बाटलीत नुसत्या अल्कोहोलच्याच २८० च्या पुढे, माइल्डमध्ये १७० च्या आसपास, माल्टच्या वेगळ्या.

वाळूज_पट्टा

सातपूरकर, मी बिअरच्या कारखान्यातच काम करतो, ब्रूहाउसला, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कंपनीचं नाव विचारू नका.

पाणी घालून माइल्ड होते हे अर्धंच खरं आहे आणि जे खरं आहे ते स्ट्राँगलाही लागू आहे. मोठ्या कारखान्यात बहुतेक बिअर आधी घट्ट बनवतात आणि फिल्टरच्या वेळी ऑक्सिजन काढून टाकलेलं पाणी मिसळून ठरलेल्या टक्क्यावर आणतात, कारण त्याच टाक्यांत जास्त माल निघतो. त्यात फसवणूक काही नाही, जगभर करतात.

खरा फरक त्याच्या आधीच पडलेला असतो. बिअर म्हणजे बार्लीचं माल्ट दळून गरम पाण्यात भिजवायचं, त्यातल्या स्टार्चची साखर होते, ते गोड पाणी (आम्ही वॉर्ट म्हणतो) हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घालून उकळायचं, थंड करून यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल सोडतं. जास्त अल्कोहोल हवं तर जास्त साखर द्यायला लागते, दुसरा रस्ता नाही. आता ही जास्तीची साखर सगळी माल्टमधून आणायची तर खर्च वाढतो, म्हणून स्ट्राँगमध्ये तांदूळ, मका, आणि सरळ साखर किंवा सिरप हे बऱ्यापैकी असतं. साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, मागे चव म्हणून काहीच उरत नाही, उरतं फक्त अल्कोहोल. त्यामुळे आपली स्ट्राँग जीभेवर जरा गोडसर आणि घशात जळजळीत लागते पण मधे धान्याची चव भरलेली नसते.

दुसरं म्हणजे यीस्टला जास्त साखर आणि जास्त तापमान दिलं की ते साध्या अल्कोहोलबरोबर जड अल्कोहोलं पण बनवतं. नेलपॉलिशसारखा किंवा सॉल्व्हेंटसारखा एक वास येतो ना कधीकधी स्ट्राँगला, तो तिथलाच. खूप गार करून प्यायलं की हे सगळं झाकलं जातं, आणि आपल्याकडे "एकदम चिल्ड दे" म्हणायची सवय आहेच. एक दिवस स्ट्राँगचा ग्लास तसाच ठेवा, फ्रिजबाहेर पाऊण तास, मग वास घ्या.

माइल्डला असं झाकायला काहीच मिळत नाही. ४.८ च्या लागरमध्ये (म्हणजे आपली नेहमीची पिवळी बिअर) जराशी जरी चूक झाली, लोण्यासारखा वास राहिला, हवा लागली, टाकी नीट धुतली नसली, की लगेच कळतं. आमच्यातले जुने लोक सांगतात की ब्रूअरचा हात बघायचा असेल तर त्याची सगळ्यात हलकी बिअर प्या. मी इतकी वर्षं यात आहे आणि मला हे शंभर टक्के पटलंय. चांगली हलकी बिअर बनवायला जास्त अवघड आहे, सोपी नाही, आणि ग्राहकाला वाटतं की कमी टक्के म्हणजे कंपनीने काहीतरी वाचवलं.

हलकी करूनही तोंडात भरलेली लागावी यासाठी एक युक्ती असते, माल्ट भिजवताना तापमान जरा वर ठेवायचं, ६८-७० च्या आसपास. मग यीस्टला खाता न येणाऱ्या साखरा जास्त होतात, त्या बिअरमध्ये तशाच राहतात, अंगाने भरीव लागते आणि अल्कोहोल मात्र कमी. ६२-६३ ला ठेवलं तर उलटं, सगळी साखर यीस्टच्या पोटात. म्हणजे ५-७ डिग्रीवर बिअरचा सगळा स्वभाव ठरतो.

कॅनॉलकाठचा

वाळूज_पट्टा यांचं बहुतेक पटलं पण एका गोष्टीवर थांबवतो. साखर घातली म्हणून बिअर वाईट होते असं नाही हो. मी बेल्जियममध्ये राहतो, ऑफिसच्या निमित्ताने आलो आणि इथलाच झालो. इथल्या ट्रिपेल नावाच्या बिअरमध्ये साखर असतेच आणि मुद्दाम असते, म्हणजे साडेनऊ टक्के अल्कोहोल असूनही अंगाला जड लागू नये म्हणून. वेस्टमाल ट्रिपेल साडेनऊची, डुवेल साडेआठची, 'रोशफोर १०' नावाची तर ११.३ ची. आपली ८ ची स्ट्राँग यांच्यापुढे कमीच आहे टक्क्यात. आणि यातली प्रत्येक बिअर जगातल्या उत्तम बिअरमध्ये धरतात, मीही धरतो.

मग फरक कुठे? यीस्टमध्ये, वेळात आणि बाटलीत. यीस्टमुळे लवंग, केळं, मिरी, संत्र्याची साल असे वास येतात. बाटलीत भरल्यावर परत आंबवतात आणि आठवडे ठेवतात. आणि बाटली ३३० मिलीची. हिशोबनीस यांच्या पद्धतीने करा, ३३० चे साडेआठ टक्के म्हणजे २८ मिली. म्हणजे एक डुवेल प्यायली तरी आपल्या माइल्डच्या मोठ्या बाटलीपेक्षा अल्कोहोल कमीच गेलं पोटात! इथे माणूस ती एक बाटली गोल बुडाच्या ग्लासात ओतून पाऊण तास पितो, फार गार करत नाही, बरोबर चीजचे तुकडे आणि मोहरी. संपली की उठतो किंवा मग साधी ५ टक्क्यांची पिल्सनर (एक प्रकारची लागर) घेतो.

त्यामुळे मी स्ट्राँगच्या विरोधात अजिबात नाही. माझं भांडण ६५० मिलीच्या बाटलीत ८ टक्के भरून ती बर्फासारखी गार करून घटाघटा पिण्याशी आहे. स्ट्राँग ही हळू प्यायची गोष्ट, आणि आपल्याकडे नेमकी तीच घाईने पितात.

सांगलीचा_दादा

मी स्ट्राँगवाला आहे आणि सरळ बोलतो. वर सगळं लिहिलंय ते अभ्यासाचं आहे, मान्य. पण सेंट्रिंगचं काम करून उन्हातून आलेला माणूस, खिशात एका बाटलीचे पैसे, त्याला केळ्याचा वास आणि मोहरी सांगून काय उपयोग. त्याला अंग मोकळं व्हायला हवं आणि झोप लागायला हवी. एका बाटलीत होतंय तर तो दोन का घेईल. देशीकडे जाण्यापेक्षा हे बरं असंच माझं मत आहे, आमच्या कामावरची कित्येक माणसं देशी सोडून बिअरवर आली ती स्ट्राँग आहे म्हणूनच आली, माइल्डवर कुणी आलं नसतं. किंमत ठरवणाऱ्यांनीच असं ठेवलंय की गरिबाला टक्क्याच्या हिशोबात स्ट्राँग स्वस्त पडते. उद्या माइल्ड निम्म्या किमतीत द्या, बघा आम्ही काय पितो ते.

हिशोबनीस

दादा, शेवटचं वाक्य लाख बोललात, आणि तिकडे इंग्लंडमध्ये अगदी हेच केलंय असं वाचलंय. कुणी तिकडचं आहे का?

यॉर्कशायर_मराठी

आहे ना, लीड्सला. पंधरवड्यातून एकदा इथली आमची मराठी मंडळी पबमध्ये जमतात म्हणून हा धागा अगदी आवडीचा निघाला.

आधी टॅक्सचं सांगतो. १ ऑगस्ट २०२३ पासून इथे दारूवरची ड्यूटी थेट अल्कोहोलच्या टक्क्यावर लावतात, आणि साडेतीनच्या खालच्या बिअरला दर बराच कमी आहे. झालं काय, की नामांकित लागर एकामागून एक ३.४ वर आल्या. कार्ल्सबर्ग पूर्वी ३.८ होती ती ३.४ झाली. लोकांनी थोडी कुरकुर केली आणि प्यायला लागले. सांगलीच्या दादांचं म्हणणं बरोबर आहे, सरकार जशी किंमत ठेवतं तसा बाजार वळतो.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते इथल्या जुन्या पबमधलं पिणं. इथे बिटर म्हणून जी तांबूस बिअर मिळते ती साडेतीन ते चार-सव्वाचार टक्क्यांची, लंडन प्राइड पिंपातली ४.१ ची आहे (बाटलीतली ४.७). गिनेस काळीकुट्ट असते म्हणून लोकांना ती जबर स्ट्राँग वाटते, ड्राफ्टची असते सव्वाचारच्या आसपास! रंगाचा आणि टक्क्याचा काही संबंध नाही, रंग माल्ट किती भाजलंय त्याचा.

इतकी हलकी का, तर एक कारण इतिहासातलं, पहिल्या महायुद्धात धान्य वाचवायला आणि टॅक्स वाढल्यामुळे इथल्या बिअरचे टक्के खाली आले ते परत पहिल्याएवढे कधी वर गेलेच नाहीत. दुसरं कारण रोजच्या व्यवहारातलं. इथे राउंडची पद्धत आहे, चार जण गेलात तर प्रत्येक जण आळीपाळीने सगळ्यांसाठी आणतो, म्हणजे चार पिंट होणारच, आणि इथला पिंट ५६८ मिलीचा. ३.८ ची बिअर असेल तर चार पिंटमध्ये ८६ मिली अल्कोहोल. आपल्याकडच्या स्ट्राँगच्या दोन बाटल्यांत १०४. म्हणजे इथला माणूस संध्याकाळभर सव्वादोन लिटर पिऊनही आपल्या दोन-बाटलीवाल्यापेक्षा कमी घेतो, आणि चार तास बसून बोलतो. ८६ मिली काही कमी नाही हां, इथले डॉक्टर आठवड्याला १४० मिलीच्या वर जाऊ नका सांगतात, म्हणून आम्ही दोन-तीनवर थांबतो. पण बसण्याचा आनंद पुरेपूर मिळतो. मला तर वाटतं हलक्या बिअरचं खरं देणं हा वेळ आहे. तिसऱ्या ग्लासलाही समोरचा काय बोलतोय ते नीट ऐकू येतं, त्याच्या बापाच्या आजारपणाचं, मुलाच्या परीक्षेचं, आणि दुसऱ्या दिवशी ते आठवतं. परदेशात आपली माणसं पंधरवड्यातून एकदा भेटतात, ती भेट धूसर व्हावी असं मला अजिबात वाटत नाही.

पिंपातल्या बिअरला फार गार पण करत नाहीत, ११ ते १३ डिग्री. पहिल्यांदा कोमट वाटते. मग सवय झाली की गारेगार लागरमध्ये चवच सापडत नाही.

अबोली

बायकांच्या बाजूने कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आम्ही मैत्रिणी पुण्यात अधूनमधून ब्रूपबला (जिथे बिअर तिथेच बनवतात) जातो. पुण्यात २००९ मध्ये डूलालीने पहिली मायक्रोब्रुअरी काढली, त्यानंतर शहरात बऱ्याच झाल्या आणि तिथे पहिल्यांदा मला कळलं की गव्हाची बिअर अशी गढूळ, केळ्या-लवंगेच्या वासाची, ५ टक्क्यांच्या आसपासची असते आणि एकाच ग्लासात मन भरतं. त्याआधी बिअर म्हणजे भावाच्या मित्रांची ती कडू आणि डोकं धरणारी बाटली एवढंच माहीत होतं. कितीतरी बायका बिअरपासून लांब राहतात त्याचं कारण बिअर नाही, आपल्याकडची स्ट्राँग आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्या, बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं, त्यामुळे वजन सारखं असलं तरी त्याच बाटलीने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. टेबलावर सगळ्यांना सारखी स्ट्राँग वाटणं बरोबर नाही. "घे गं, एकाने काय होतंय" म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं.

झीरो-झीरोबद्दल (म्हणजे बिनअल्कोहोलच्या बिअरबद्दल) पण कुणी लिहिलं नाही. ती बिअर नेहमीसारखी बनवून मग कमी दाबाखाली कमी तापमानात अल्कोहोल उडवून काढतात, किंवा यीस्टला मधेच थांबवतात. दुसऱ्या प्रकारची जरा गोड लागते कारण साखर मागे राहते. माझं मत असं की तहानेला ठीक, जेवणाबरोबर ठीक, पण ४-५ टक्क्यांच्या चांगल्या बिअरची जागा घेत नाही, अंगात काहीतरी कमी वाटतं. तरी ज्याला गाडी चालवायची आहे त्याच्यासाठी टेबलावर ती असायलाच हवी. गरोदर बायकांनी मात्र लेबल वाचा, काही देशांत अल्कोहोल-फ्री लिहिलेल्या बाटलीतही अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकतं.

कॅनॉलकाठचा

अबोली ताई, गव्हाच्या बिअरचं अगदी मनातलं लिहिलंत. ५ टक्क्यांत एवढा वास आणि एवढी चव बसते हाच "माइल्ड म्हणजे पाणी" या म्हणण्यावरचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

सातपूरकर

बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. ४ पेगचा हिशोब काल ग्रुपवर टाकला तर दोघे गप्पच झाले, एकाने बाटली आणून कॅल्क्युलेटरवर परत करून बघितलं. सांगलीच्या दादांचं पण पटलं, आमच्यात दोघे कंत्राटी आहेत, त्यांना मी चव सांगत बसणं बरं नाही, ते त्यांच्या पैशाचं बघणारच.

गाडीचा विषय अबोली ताईंनी काढला म्हणून विचारतो, माइल्डची एकच बाटली घेऊन बाइकवर आलं तर चालतं का? आणि ते धूळ बसलेल्या बाटल्यांचं राहिलंच.

हिशोबनीस

नाही चालत. आपल्याकडे कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ७० किलोच्या माणसाने माइल्डची मोठी बाटली पटापट संपवली तर ढोबळ हिशोबाने ५० च्या आसपास जातं. इंग्लंडमधली मर्यादा ८० आहे, त्यामुळे तिकडच्या लोकांचं "एक पिंट चालतो" इथे लावू नका. माइल्ड असो की स्ट्राँग, रिक्षा.

वाळूज_पट्टा

धुळीचं सांगतो. माइल्ड जुनी झाली की स्ट्राँगपेक्षा लवकर कळते, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. तुमच्या ग्रुपला माइल्ड पाण्यासारखी वाटते त्यात या जुन्या बाटल्यांचाही हात असणार, कारण खप कमी म्हणून माल पडून राहतो आणि पडून राहतो म्हणून चव जाते, चव जाते म्हणून परत कुणी घेत नाही.

तर बाटली हातात घेतली की आधी तारीख बघा. कारखान्यातून निघून तीन महिन्यांच्या आतली असेल तर घ्या, सहा महिने झालेली असेल आणि दुकान पत्र्याचं असेल तर मे-जूनमध्ये ती घेऊच नका, उष्णतेने बिअर फार लवकर म्हातारी होते. बाटली उन्हात किंवा ट्यूबलाइटसमोर शोकेसला ठेवलेली नको, हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून प्रकाश आत जातो आणि हॉप्स बिघडून घाणेरडा वास येतो, तपकिरी काच बरी, टिन सगळ्यात उत्तम. ५०० मिलीचा टिन घेतलात तर प्रमाणही आपोआप कमी होतं. आणि शॉपीवाल्याला सांगून ठेवा की दर महिन्याला अमुक एवढे टिन आम्ही नेतो, तो ताजा माल मागवतो, खपाची खात्री असली की कुणीही मागवतो.

सांगलीचा_दादा

टिन बघतो या शनिवारी. माइल्डचा. चखण्याला काय घ्यायचं तेवढं सांगा, आमच्या स्ट्राँगबरोबर तर फक्त मीठ-मिरचीचे शेंगदाणे असतात.

अबोली

दादा, हलक्या बिअरबरोबर जास्त तिखट घेतलं तर बिअरची चव मरते. उकडलेल्या शेंगा, काकडी-टोमॅटोवर लिंबू पिळून, नाहीतर तळलेले बोंबील मिळाले तर बघाच. आणि आधी थोडं जेवून बसा, रिकाम्या पोटी माइल्डही लवकर चढते.